सोळा इंचाचा शेवगा

खोली द्यायच्या आधी साहेबांनी मला मोजलं.

खरं सांगतो. चिकलठाण्याला विमानतळाच्या अलीकडं सरकारी कर्मचाऱ्यांची एक जुनी सोसायटी आहे. तिथं एका घराच्या गच्चीवरची खोली रिकामी आहे असं कंपनीत कळलं, म्हणून गेलो. वाटलं, विचारतील पगार किती, आडनाव काय, पोरं-पोरं गोळा करून गोंधळ घालतो का. साहेबांनी यातलं काहीच विचारलं नाय. खिशातून टेप काढला, मला दाराच्या चौकटीला पाठ टेकून उभं केलं, डोक्यावर वही आडवी धरली आन म्हणले, "पाच फूट साडेपाच. वरचं दार पाच फूट आठ. ठीक. डोकं फोडून घेणार नाहीस. गाव?"

"पिशोर."

साहेबांनी डोळे मिटले. आपण देवाचं नाव घेतल्यावर मिटतो तसे. "पिशोर. तालुका कन्नड. बाजार मोठा. तीनदा मोजणीला आलो होतो. तिसऱ्यांदा कुत्रं चावलं."

मी सहज म्हणलं, "कोणाचं कुत्रं?"

"नोंद आहे," साहेब म्हणले.

मी त्याच दिवशी सामान घेऊन आलो. असा घरमालक सोडायचा म्हणजे पाप.

साहेब मोजणी खात्यातून रिटायर झालेले. आयुष्यभर जिल्हाभर हिंडून लोकांच्या शेताच्या हद्दी दाखवायच्या, दगड रोवायचे, भाऊ-भाऊ कुऱ्हाडी घेऊन समोरासमोर उभे राहिले तर मधी टेप धरून उभं राहायचं, हे त्यांचं काम. अंगानं काडी. पँट छातीपर्यंत. डोक्याला चार गाठी मारलेला रुमाल, खिशाला चार पेनं, त्यातली तीन चालत नसलेली. आता यंत्रावर मोजणी होते म्हणून त्यांचा लई राग. "यंत्र उपग्रहाला विचारतं," म्हणायचे. "उपग्रह कधी बांधावर आलाय का?"

मला शाळेपासून लोकांचे आवाज काढायची खोड. पिशोरच्या शाळेत हेडमास्तरांचा आवाज काढून मी एकदा अख्ख्या शाळेला सुट्टी दिलती. मार किती खाल्ला ते सांगत नाय. तर साहेबांचा आवाज मला दोन दिवसांत जमला. नाकातून सुरू करायचा, घशात न्यायचा, आन वाक्य संपायच्या जरा आधी थांबायचं, म्हणजे समोरचा घाबरून पुढचं स्वतःच बोलतो. आन सुरुवातीला कायम एकच प्रश्न: "हजर कोण?"

मोजणीला गेल्यावर आधी हजर कोण, गैरहजर कोण ते लिहून घेतात. साहेबांना ती सवय अशी लागलेली की जेवायला बसतानाही तेच.

"हजर कोण?"

"मी हजर, भाकर हजर," काकू आतून ओरडायच्या, "वरण गैरहजर. डाळ तुम्ही आणली नाय."

काकू म्हणजे त्यांच्या मंडळी. माहेर शेंद्र्याचं. साहेब जेवढे काटेकोर तेवढ्या काकू मनमोकळ्या. घराच्या मागची भाजीची बाग काकूंची होती, म्हणजे बाग काय, जंगल. हातात येईल ते बी फेकायचं, उगवंल ते आपलं. दोडका कपड्याच्या दोरीवर चढलेला, त्यामुळं साहेबांचं बनियन आन दोडका एकाच वेळी काढावं लागायचं. चुक्यात शेपू, शेपूत घोळ, वांग्याच्या मधून वाळकाचा वेल पळालेला. आन सगळ्यात मागं, कंपाऊंडच्या भिंतीला खेटून, शेवगा. काकूंच्या वडलांच्या शेताच्या बांधावरची फांदी आणून लावलेली. ते शेत नंतर कारखान्यांच्या पट्ट्यात गेलं. आता तिथं कुठल्या तरी कंपनीचं गेट आहे. त्या शेताचं जे काय शिल्लक होतं ते म्हणजे हे झाड. काकू बोलून दाखवायच्या नाय, पण रोज सकाळी चूळ भरून पहिलं पाणी त्यालाच.

भिंतीच्या पलीकडं खाला राहायच्या. पोरगा कंपनीत, सून शाळेत, आन खाला दिवसभर अंगणात खाटेवर. शेवग्याची पानं बारीक, वारं आलं की सगळी त्यांच्या अंगणात. खालांचा झाडू आन साहेबांचा कायदा यांचं रोज सकाळी जुंपायचं.

"ओ साब! कित्ते पत्ते! मैं क्या नौकर हूँ तुम्हारे झाड की?"

"झाड आमच्या हद्दीत आहे," साहेब भिंतीच्या अलीकडून. "पानांना हद्द लागू नाही. पान वाऱ्याच्या ताब्यात असतं. तक्रार वाऱ्याविरुद्ध करा."

"हद्द, हद्द! कबर में भी टेप लेके जाव तुम!"

एकदा मला राहवलं नाय. साहेब बँकेत गेलते. मी भिंतीच्या अलीकडं उकिडवं बसलो, आवाज नाकातून घशात नेला आन म्हणलं, "हजर कोण? खाला का? पानांबद्दल मी दिलगीर आहे. चूक आमची..."

पलीकडं झाडू थांबला. मग चपलांचा आवाज, आन पाच मिनिटांत खाला गल्लीला वळसा घालून समोरच्या दारात हजर. काकूंना म्हणल्या, "साब की तबीयत ठीक है ना? माफी मांग रहे थे."

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. मी आकाशाकडं.

आता बागेची गोष्ट. आमच्या भागात नळ आठवड्यातून एकदा यायचा, कधी तेही नाय. त्या वर्षी उन्हाळ्यात काकूंची अर्धी बाग वाळून गेली. काकू रडकुंडीला आल्या. साहेबांनी एका सकाळी रुमालाला गाठी मारल्या, मागच्या दारात उभे राहिले आन जाहीर केलं, "हे गाव पुन्हा वसवावं लागेल."

मी म्हणलं, "कुठलं गाव?"

"हे." बोटानं परसबाग दाखवली. "वस्ती विस्कळीत, रस्ता नाही, पाणी कुणाला किती याचा मेळ नाही. पुनर्वसन."

काकूंनी या पुनर्वसनाला पाचशे रुपये मंजूर केले. वर एक रुपया मागितला तर बनियनावर दोडका कायमचा ठेवीन, म्हणल्या.

साहेबांनी आधी नकाशा काढला. भाजीचा कोणी नकाशा काढतं का? यांनी काढला, शाईनं, उत्तर दिशेच्या बाणासकट. दहा वाफे, दहा गट नंबर. मधून दोन फुटांची पाणंद, साहेबांच्या पाण्याच्या झारीला जाता यावं म्हणून. धुणं धुवायचा दगड म्हणजे गावठाण. कोपऱ्यातली जागा, जिथं मांजर येऊन घाण करायचं, ती गायरान. काकू विचारायच्या, "कोथिंबीर कुठं लावू?" तर साहेब म्हणायचे, "गट नंबर चार, पूर्वेकडचा हिस्सा."

"चार नंबर घाला चुलीत. विळा कुठंय?"

मी एकदा चुकून गट नंबर सहामधी मेथी टाकली. तिथं वांग्याची नोंद. साहेबांनी मेथी उपटू दिली नाय. म्हणले, "पेरा झाला तो झाला. पण रीतसर बदल करू." मला अर्ज लिहायला लावला. काकूंची साक्षीदार म्हणून सही घेतली. काकूंनी सही करताना मेथीच्या चार काड्या उपटून नेल्या.

सामान सगळं फुकटचं, पाचशे रुपये नळी, खिळे आन बियाण्यातच गेले. माझ्या कंपनीत मशीनच्या सुट्या भागांची लाकडी खोकी यायची, ती मी सुपरवायझरला विचारून, गेटपास करून आणली. त्याचे वाफ्यांचे कठडे. घरचा जुना कूलर गंजून पडलता, त्याच्या टाकीत पुदिना, आन कूलरचं गवत झाडांच्या बुडाशी पसरलं, ओल टिकावी म्हणून. पाणी शुद्ध करायच्या मशीनमधून जे वाया पाणी जातं त्याला नळी लावून गट एक ते तीन. अंघोळीचं पाणी गट चार ते सात. साहेबांनी सगळ्यांना साबण कमी लावायचं फर्मान काढलं. मी चार दिवस कमी लावला, मग कंपनीतल्यांनी तक्रार केली.

सावलीला काय? साहेब चौकातल्या पोरांकडून वाढदिवसाचे जुने फ्लेक्स मागून आले. उन्हाळ्यात टोमॅटोवर सावली पडली ती कुठल्या तरी भावी नगरसेवकाच्या हसऱ्या तोंडाची. काकू टोमॅटो तोडताना वर बघून म्हणायच्या, "बघा, निवडून न येताच कामाला लागला."

असं सगळं मजेत चाललं होतं. शेवटी राहिला दोडक्याचा मांडव. तो मागच्या भिंतीलगत, गट नंबर दहा. बांबू कापायच्या आधी साहेब म्हणले, "मागनं पुढं सगळं एकदा पडताळू." माझ्या कंपनीतला स्टीलचा टेप होता, नवा कोरा. एक टोक मी धरलं घराच्या भिंतीला, दुसरं त्यांनी मागच्या भिंतीला.

साहेब टेपवर वाकलेले, तसेच वाकून राहिले.

"किती?" मी ओरडलो.

"तेवीस फूट चार इंच."

"मग?"

"बावीस पाहिजे. मंजूर नकाशात बावीस आहे."

मी म्हणलं, "भारीच की साहेब! सोळा इंच जास्त. अजून एक ओळ बसंल. पालक लावू."

साहेबांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी घरातल्या घरात चोरी कबूल केली. "जमीन वाढत नसते," ते हळू म्हणले. "सोळा इंच कुठून आले?"

त्या दिवशी दुपारभर आम्ही रस्त्यापासून मागच्या भिंतीपर्यंत चारदा मोजलं. घरातून, मोरीतून, खिडकीतून. प्लॉट सहासष्ट फुटांचा. चारही वेळा सदुसष्ट फूट चार इंच. मग साहेब आत गेले, पलंगाखालची पेटी ओढली आन एक जुनी लोखंडी साखळी काढली. पहिल्या काळी टेप यायच्या आधी याच साखळीनं जमीन मोजायचे. तेहतीस फुटांची, कडीत कडी. खात्यानं रद्द केलेली. साहेबांनी मागून घेतलेली. तिला वर्षातून एकदा तेल लावायचे, दसऱ्याला फूल वाहायचे. घर बांधलं तेव्हा साहेबांनी दुसऱ्या कशानं मोजणं शक्यच नव्हतं. आपलं घर आपल्या साखळीनं मोजायचं म्हणून दोन साखळ्या बरोबर टाकून मागच्या भिंतीची खूण त्यांनी स्वतः ठोकली होती.

आम्ही साखळी पाणंदीत ताणली. शेजारी टेप ठेवला. तेहतीस फूट आठ इंच.

साहेब गुडघ्यावर बसून एकेक कडी बोटानं चाचपत पुढं सरकू लागले. मधोमध थांबले. एक कडी जरा जाड होती, जरा वेगळी.

"ही जादा आहे," म्हणले. "साखळी तुटली होती. रद्द झाल्यावर. मी जोडून आणली होती, लोहाराकडून. त्यानं तुटलेल्या कडीच्या जागी एक टाकायची तर दोन टाकल्या." मग मान वर केली. "तुझ्या पिशोरच्या लोहारानं."

"पण साहेब, तुम्ही तपासली नाय?"

"तपासणार होतो. त्याच दिवशी कुत्रं चावलं. इंजेक्शनच्या गडबडीत राहून गेलं."

मला हसू आवरंना, पण हसण्यासारखं तोंड साहेबांचं नव्हतं. त्यांनी आधी जुन्या डायऱ्या काढल्या. बसून पानं उलटत राहिले. कशाला ते मला मागनं कळलं. त्या साखळीनं जोडल्यानंतर दुसऱ्या कोणाचं शेत मोजलंय का, तेवढं बघत होते. एकाचंही नव्हतं. तेव्हा कुठं त्यांनी पाणी पिलं.

"म्हणजे फक्त माझंच," म्हणले.

आता सोळा इंच म्हणजे काय? भिंत खालांच्या जागेत. आन भिंतीला खेटून काकूंचा शेवगा, बुंध्यासकट, खालांच्या जागेत. मी म्हणलं, "साहेब, आपल्या दोघांशिवाय कोणाला ठाऊक नाय. पालक लावू आन विसरून जाऊ."

साहेब तीन दिवस काहीच बोलले नाय. खाला पलीकडून ओरडल्या, "ओ साब, पत्ते!" तर साहेबांनी उत्तरच दिलं नाय. खाला पुन्हा वळसा घालून तब्येत विचारायला आल्या. जेवताना "हजर कोण" बंद झालं. काकूंना वाटलं पोट बिघडलं, त्यांनी तीन दिवस मऊ भात घातला.

चौथ्या दिवशी रविवार. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. साहेब जिना चढून वर आले, माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले.

"तू माझा आवाज काढतोस."

माझ्या हातातली बादली पडायची राहिली. "नाय, म्हणजे साहेब, कोण म्हणलं..."

"मोरीत काढतोस. पाइपातून खाली येतो. चांगला काढतोस." त्यांनी डोक्याचा रुमाल काढून माझ्या हातात दिला. "घाल. कर."

"आत्ता?"

"आत्ता. मी अतिक्रमणदार. तू मी."

आयुष्यात मी लोकांना हसवायला लई आवाज काढले. हा एकच असा काढला की हसायला कोणी नव्हतं. रुमाल डोक्यावर घातला. साहेब माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले, शेतकरी उभे राहत तसे. मी खाकरलो. नाकातून घशात.

"हजर कोण?"

"कब्जेदार हजर."

"लगतचे कब्जेदार?"

"गैरहजर." मग हळू, "नोटीस दिली नव्हती."

"मोजणी कशानं केली?"

"साखळीनं. जोडलेल्या."

"तपासली होती?"

"नाही."

"जागा कोणाची?"

साहेबांनी खालच्या शेवग्याकडं पाहिलं. फुलं आलती त्याला. "लगतच्याची."

"झाड कोणाचं?"

"बायकोचं."

"मी जागा विचारली. झाड कोणाच्या जागेत?"

मी वाट बघत राहिलो. मला वाटत होतं रुमाल काढावा, म्हणावं साहेब सोडा, पालक लावू.

"लगतच्याच्या," ते म्हणले शेवटी.

"मोजणी मान्य?"

"मान्य."

मी गप्प झालो. साहेबांनी डोळे पुसले, मग एकदम खडसावलं, "'मान्य' झाल्यावर मी एवढा थांबत नाही. लगेच सही घ्यायची. थांबलं की माणूस विचार करायला लागतो." आन खिशातनं पेन काढून, चालणारं, माझ्या वहीवर सही केली.

काकूंना सांगितलं तेव्हा काकू भाकरी थापत होत्या. हात थांबवले नाय. म्हणल्या, "शेंद्र्याचं शेत मोजायला पथक आलं तेव्हा त्यात हेच. सगळा गाव म्हणला, जावई आलाय मोजणीला, दोन गुंठे वाढवून दाखवंल. एक इंच वाढवला नाय. माझा बाप म्हणला, पोरगी चांगल्या घरी दिली. मी म्हणलं, चांगल्या घरी दिली पण शेत गेलं." भाकरी तव्यावर टाकली. "आता झाडही द्या."

आन त्यानंतर पंधरा दिवस साहेबांना दोन्ही वेळेला दोडका. नुसता दोडका.

साहेबांनी खालांना पंधरा दिवसांची नोटीस काढली. मी नेऊन दिली. खालांनी चष्मा लावून उलटीसुलटी पाहिली. "अब क्या? पत्तों का कोर्ट?"

"मोजणी आहे खाला. तुम्ही हजर पाहिजे."

"मैं कायकू?"

"तुम्ही लगतच्या."

मोजणीच्या दिवशी खाला खुर्ची घेऊन आल्या, सून घेऊन आल्या, पान घेऊन आल्या. साहेब इस्त्रीच्या शर्टात. मी टेप धरला. साहेबांनी आकडे मोठ्यानं वाचले, शेवटी कागद हातात घेऊन म्हणले, "अतिक्रमण सोळा इंच. अतिक्रमणदार, मी. भिंत काढून घेण्यात येईल. शेवगा तुमच्या हद्दीत आला आहे. सबब तो तुमचा."

खाला पान चावायचं थांबल्या. "मेरा?"

"तुमचा."

"मतलब," खाला सुनेकडं वळल्या, "इत्ते साल मैं अपने ही झाड के पत्ते झाड रही थी? और झगडा इनसे कर रही थी?" मग एकदम हसायला लागल्या, खुर्ची हलेपर्यंत. हसू थांबल्यावर डोळे पुसत म्हणल्या, "रहने दो साब. भाभी का झाड है. सोला इंच में क्या मेरा जनाजा अटकेगा?"

"मोजणीत उपकार बसत नाही," साहेब म्हणले.

"बड़े आए!" खाला काकूंकडं बघून म्हणल्या. "भाभी, कैसे रहते तुम इनके साथ?"

काकू पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसल्या. "दोडका घालून," म्हणल्या.

भिंत पाडली ती मी, साहेब आन खालांचा पोरगा, एका रविवारी. विटा वाया नाय गेल्या. गट एक ते दहाचे कठडे विटांचे झाले, खोकी पावसात सडायला लागलतीच. पण नवी भिंत बांधायची कशानं? पाचशे रुपये कधीच संपलेले. काकूंनी वाढीव मंजुरी साफ नाकारली. मग साहेबांनी खऱ्या हद्दीवर सुतळी ताणली आन सुतळीवर बरोबर सहा-सहा इंचांवर गवती चहाचे कोंब लावले. दोन्ही बाजूंनी पाती कापायची, ज्यानं त्यानं आपल्या बाजूची. दोन महिन्यांत तिथं गुडघाभर हिरवी रांग उभी राहिली. फुकटात.

त्या रांगेचा सगळ्यात पहिला फायदा काकूंनी घेतला. दुपारी धुणं झालं की एक पाय उचलायचा, पलीकडं, आन शेवग्याखाली खालांच्या खाटेवर. दोघी मिळून शेंगा मोजणार नाय, पानं निवडणार, साहेबांची मापं काढणार. चूळ भरून पहिलं पाणी अजून शेवग्यालाच, फक्त आता लांबून फेकावं लागायचं. आन पानं अजूनही पडायची, पण आता वारं फिरलं की साहेबांच्या गट नंबर आठमधी.

"ओ साब," खाला खाटेवरून, "पत्तों को हद्द नहीं रहती ना?"

साहेब गुपचूप वेचायचे.

पण साहेबांनी स्वतः ती रांग कधी ओलांडली नाय. काकू जायच्या, मी जायचो, मांजर तर दिवसातून दहादा. साहेब चपलेचं टोक गवती चहाच्या दोन इंच अलीकडं ठेवून उभे राहायचे. शेंगा लागल्या तर मागून घ्यायच्या. नुसत्या तोंडी नाय. पहिल्या वेळेला त्यांनी खरंच चिठ्ठी लिहून दिली. खालांना लई मजा वाटली. तेव्हापासून खाला चिठ्ठीशिवाय शेंग तोडू देत नाय.

मला मधी शेंद्र्याला नोकरी लागली, तिकडंच कंपनीजवळ खोली घेतली. कधी येतो तर काकू आधी जेवायला घालतात. मागच्या महिन्यात गेलो तर साहेब आत पूजा करत होते. बाग बघावी ती गट नंबरासकट. वांगी, चुका, अंबाडी, सगळं आपापल्या हद्दीत. वर फ्लेक्स नवा, तोंडही नवं. काकूंनी आमटीला फोडणी टाकली आन म्हणल्या, "जा रे, खालांकडनं शेंगा आण. ह्यांची वाट बघशील तर संध्याकाळ होईल."

मला जुनी खोड आठवली. गवती चहाजवळ गेलो, खाला पाठमोऱ्या बसून लसूण सोलत होत्या. नाकातून घशात. "हजर कोण? सहा शेंगा मिळाव्यात, म्हणजे..."

खालांनी मागं वळूनही पाहिलं नाय. "नकली है," म्हणल्या. "असली साब मुँह से नहीं मांगते. अर्ज किधर है?"

मी उघडा पडलो. तेवढ्यात मागनं चपला वाजल्या. साहेब आले. कपाळाला गंध, डोक्याला रुमाल, हातात घडी घातलेला कागद. गवती चहाच्या दोन इंच अलीकडं थांबले, खाकरले.

"अर्जदार हजर."

"पढ़ो," खाला म्हणल्या.

साहेबांनी चष्मा नीट केला. "विषय: शेवग्याच्या शेंगा मिळणेबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून, घरी पाहुणा आलेला असून, आमटी करण्याचे योजिले आहे. सबब सहा शेंगा तोडण्यास परवानगी मिळावी, ही विनंती."

खालांनी माझ्याकडं पाहिलं, माझ्या पोटाकडं पाहिलं. "पाहुणा मोटा हो गया है. दस ले जाव."

"अर्ज सहाचा आहे," साहेब म्हणले.

"तो दूसरा लिखो."

आतून काकू ओरडल्या, "अहो, आमटी उकळू राहिली!"

साहेब गट नंबर दहाच्या विटांच्या कठड्यावर बसले, कागद उलटा केला, मांडीवर ठेवला आन पेनाचं टोपण काढलं. पेन चालंना. त्यांनी दुसरं काढलं.